एस म्हणजे सेन्सिटिव्ह

मधू दुपारी दीडला झोपते आणि तीनला उठते. मधे भंगारवाल्याने हाक दिली नाही, शेजारच्यांनी ड्रिल लावलं नाही आणि कूलरचं पाणी संपलं नाही, तर हा दीड तास माझा. या दीड तासात मी लोकांच्या आजारांना नंबर देते.

असं सांगितलं की लोक हसतात, पण काम खरंच तेवढंच आहे. हॉस्पिटलातून पेशंटची फाईल स्कॅन होऊन माझ्या लॅपटॉपवर येते. डॉक्टरांनी लिहिलेला एकेक आजार शोधायचा आणि त्याला ठरलेला कोड द्यायचा. ते कोड पुढे इन्शुरन्सवाल्यांकडे जातात. मधूच्या आधी मी ऑफिसात बसून हे करायची, आता मनीषनगरच्या या दोन खोल्यांत, बेडच्या कडेला, एक हात कीबोर्डवर आणि एक हात पाळण्याच्या दोरीवर.

आमचे संजीव सर नव्या पोरापोरींना पहिल्याच दिवशी शिकवायचे, "आधी आजार, मग जंतू, मग जंतूचा माज." या क्रमात कोड द्यायचे. जंतूचा माज म्हणजे तो कोणकोणत्या औषधांना दाद देत नाही ते. त्याचा कोड झेड सोळापासून सुरू होतो. आम्ही ऑफिसात कोणी फार ऐकेनासं झालं की म्हणायचो, हा झेड सोळा आहे.

दुसरा नियम सर हसत सांगत नसत. कोडरने डॉक्टरी करायची नाही. रिपोर्टात ढळढळीत दिसत असलं तरी डॉक्टरने स्वतः लिहिल्याशिवाय कोड लावायचा नाही. शंका आली तर डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवायचा, आणि त्या प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही. 'हे चुकलंय का' असं विचारायचं नाही. 'याविषयी कृपया स्पष्ट करावे' असं विचारायचं आणि खाली चार पर्याय द्यायचे, त्यात शेवटचा 'इतर'.

मी परत कामावर आले तेव्हा सरांना म्हटलं होतं, लहान बाळांच्या फायली मला नका देऊ. ते म्हणाले, "मॅडम, कम्प्युटर वाटून देते, त्याले कुठं लेकरं आहेत." तेव्हापासून लहान बाळाची फाईल उघडली की मी आधी मधूच्या कपाळाला हात लावून घेते. काही अर्थ नाही त्याला. पण लावते.

त्या शनिवारी दुपारी दीड वाजून दहा मिनिटांनी फाईल उघडली. वैभवी, वय तेरा महिने, राहणार उमरेड. वजन नऊ किलो दोनशे.

मधूचं वजन बुधवारी लसीच्या वेळी केलं होतं. नऊ किलो दोनशे.

मी कपाळाला हात लावला. थंड होतं, घामाने जरा ओलं. मग वाचायला लागले.

वैभवी गुरुवारपासून मुलांच्या आयसीयूत होती. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरलेला. ताप एकशे चार. आयसीयूतल्या एखाद्या पेशंटची फाईल भरती असतानाच आमच्याकडे येते, कारण इन्शुरन्सवाल्यांना मधेमधे कळवावं लागतं, खर्च वाढणार म्हणून. शनिवारी सकाळी तिच्या रक्ताचा कल्चर रिपोर्ट आला होता. म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून त्यावर एकेक औषध टाकून पाहतात, कोणत्याने मरतो, कोणत्याने नाही. पंधरा औषधांची यादी. प्रत्येकापुढे एक अक्षर. आर म्हणजे जंतू दाद देत नाही. एस म्हणजे देतो.

तेरा आर. दोन एस. मेरोपेनेम आणि अमिकॅसिन.

मी शोधत होते ते डॉक्टरांचं वाक्य, की हा जंतू औषधांना जुमानत नाही. ते असलं की झेड सोळा लावायचा आणि पुढे जायचं. शनिवारची डॉक्टरांची नोंद निवासी डॉक्टर प्रियदर्शनी यांची होती. अक्षर घाईचं. त्यात ते वाक्य नव्हतं. होतं ते असं, की ज्या दोन औषधांना जंतू दाद देतो ती दोन्ही बाळाच्या ॲलर्जीच्या यादीत आहेत, म्हणून देता येत नाहीत. सध्याचंच औषध चालू ठेवते आहे. मोठे सर बाहेरगावी, फोन लागत नाही. संध्याकाळी सहाच्या राउंडपर्यंत फरक नसेल तर किडनीचा धोका पत्करून यादीबाहेरचं तिसरं औषध.

सध्याचं औषध कोणतं ते पाहिलं. यादीत त्याच्यापुढे आर होता.

म्हणजे गुरुवारपासून त्या लेकराच्या नसेत जे जात होतं त्याचा जंतूला काही फरक पडत नव्हता. अंगावर पाणी शिंपडल्यासारखं.

मी मागे गेले. भरतीच्या वेळचा नर्सचा कागद. 'ॲलर्जी' या रकान्यात लाल शाईने तीच दोन नावं, स्पेलिंगसकट बरोबर. शेजारी लिहिलं होतं, वडिलांनी सांगितले. लाल पट्टी बांधली. ती पट्टी मला माहीत आहे. ॲलर्जीवाल्या पेशंटच्या मनगटाला बांधतात. इतक्या लहान बाळाच्या मनगटातून ती निसटते, म्हणून पायात घालतात, पैंजणासारखी. आणि एकदा ती नोंद झाली की कम्प्युटर ते औषध फार्मसीतून बाहेरच येऊ देत नाही.

औषधाच्या ॲलर्जीचाही कोड आहे, झेड अठ्ठ्याऐंशी. नियमाने मी तो टाकून मोकळी होऊ शकत होते. पण तेरा महिन्यांच्या बाळाला या दोन औषधांची ॲलर्जी आहे हे कळलं कसं? ही काही खोकल्याची औषधं नाहीत. ती इंजेक्शनं आहेत, मोठ्या दवाखान्यात देतात. वैभवी याआधी कधी भरती नव्हती, तेही लिहिलेलं होतं. तिला ही कोणी, कधी दिली?

आणि नेमकी हीच दोन कशी?

माझ्या सासूबाई त्या आठवड्यात कामठीहून राहायला आल्या होत्या. त्या कूलरसमोर चटईवर आडव्या होत्या, मला वाटलं झोपल्यात. डोळे मिटूनच म्हणाल्या, "पाय वं, पोरगी उठली की ते टरबूज देऊ नको तिले. सेन्सिटिव्ह आहे ते. परवा तोंडाभवती सारं लाल झालं होतं."

मी बरं म्हटलं. आणि मग माझे हात थांबले.

फाईलमध्ये शेवटी, एक्केचाळिसाव्या पानावर, घरच्यांनी आणलेले जुने कागद स्कॅन केलेले असतात. ते कोणी पाहत नाही. मी गेले. उमरेडच्या एका लॅबचा आठवड्यापूर्वीचा लघवीचा रिपोर्ट होता, घडी पडलेला, एका कोपऱ्याला हळदीचा डाग. तोच जंतू. त्या लॅबने एस, आर अशी अक्षरं न लिहिता वर एक ओळ छापली होती, 'सेन्सिटिव्ह', आणि त्याखाली दोन नावं. कोणीतरी बॉलपेनने त्या दोन नावांना गोल केला होता. गोलावर पेन इतक्यांदा फिरवला होता की कागद फाटायला आला होता.

लॅबच्या भाषेत सेन्सिटिव्ह जंतू असतो. आमच्याकडे सेन्सिटिव्ह लेकरू असतं. टरबुजाला, बेसनाला, साबणाला. सिस्टरनेही तसंच विचारलं असणार, सगळ्या तसंच विचारतात, बाळ कशाला सेन्सिटिव्ह आहे का? आणि बापाने घडी उलगडून कागद पुढे केला असणार. हे पाहा, लिहून आहे.

मला एकदम खूप थंडी वाजली. मे महिना, बाहेर शेहेचाळीस.

कारण हे फक्त मला वाटत होतं. मी डॉक्टर नाही. बीएस्सी आहे, वर सहा महिन्यांचा कोर्स. समजा, ॲलर्जी खरीच असली. समजा कुठेतरी, कुठल्यातरी दवाखान्यात ते इंजेक्शन दिलं होतं आणि लेकराचा श्वास अडकला होता, आणि ते फाईलमध्ये यायचं राहिलं. आणि माझ्या शहाणपणामुळे ती लाल पट्टी कापली गेली. नऊ किलोच्या जिवाला किती वेळ लागतो? पट्टी ठेवली तरी मरेल, आणि काढली तरी मरेल, यातलं एक खरं होतं आणि कोणतं ते मला ठाऊक नव्हतं.

मी नियमाने प्रश्न लिहिला. 'ॲलर्जीच्या नोंदीचा आधार कृपया स्पष्ट करावा.' पर्याय दिले: पूर्वी प्रतिक्रिया आल्याची नोंद, चाचणी, कुटुंबात इतर कोणाला, इतर. पान एक्केचाळीस पाहावे, एवढं खाली जोडलं. पाठवला. लगेच उत्तर आलं, पण ते मशीनचं. आपला प्रश्न मिळाला. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर देण्यात येईल.

मग संजीव सरांना फोन लावला. मागे लग्नाचा बँड वाजत होता. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर असू शकते. पण आपण रेकॉर्डवाले आहोत. प्रश्न पाठवला नं, झालं."

"सर, आपल्याकडे बाकीच्या फायली येतात तेव्हा माणूस एक तर घरी गेलेला असतो नाहीतर वर. ही अजून तिथे आहे."

बँडचा आवाज मागे पडला, ते बाजूला गेले असावेत. मग ते म्हणाले, "वॉर्डात करून पाहा. माझं नाव नका सांगू."

वॉर्डात भारती सिस्टरने उचलला. मी रेकॉर्डमधून बोलतेय म्हटल्यावर त्या सरळ म्हणाल्या, रेकॉर्डचं सोमवारी. डॉक्टर प्रियदर्शनी एका बाळाला नळी घालत होत्या, बाहेर यायला वेळ लागेल. मी म्हटलं, वैभवीच्या ॲलर्जीबद्दल आहे. त्या म्हणाल्या, हो, आहे ना ॲलर्जी, आम्ही पट्टी बांधलीय. अभिमानाने म्हणाल्या. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. फोन ठेवला.

दोन वाजून पस्तीस मिनिटं.

फाईलच्या पहिल्या पानावर नातेवाइकाचा नंबर असतो. धर्मेंद्र, वडील. त्या नंबरला कोडरने हात लावायचा नसतो. ऑफिसात एका मुलीने ओळखीच्या बाईची फाईल नुसती उघडून पाहिली होती, तिला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. मी पाळण्याकडे पाहिलं. मधू उताणी झोपलेली, दोन्ही मुठी डोक्याच्या वर. तिच्या पायातल्या काळ्या दोऱ्याकडे पाहत मी आकडे दाबले.

पहिल्याच रिंगला उचलला. जणू हातातच धरून बसला होता.

मी सांगितलं, हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून बोलते. आणि विचारलं, वैभवीला याआधी ती दोन इंजेक्शनं दिली होती तेव्हा काय झालं होतं? तोंडातून निघताच कळलं, प्रश्न चुकला. 'दिली होती' हे मीच त्याच्या तोंडात घालत होते. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. तो 'तवा... तवा...' करत काहीतरी आठवू लागला होता.

"थांबा, भाऊ. ते सोडा," मी म्हटलं. "सिस्टरने ॲलर्जीचं विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं, ते जसंच्या तसं सांगा."

"त्यायनं विचारलं कोणतं औषध सेन्सिटिव्ह आहे काय. म्या कागद देल्ला. त्याच्यात लिहून आहे नं ताई, दोन नावं. म्या पाठच करून ठेवली होती, रात्री-बेरात्री कोणी विचारलं तं."

"ती औषधं तिला कधी दिली होती का?"

"नाही नं. देऊ कसं? सेन्सिटिव्ह लिहून आहे तं."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. बाकीची चालतात तिले. इथच्या रिपोर्टात त्याच्याम्होरं आर आहे."

"आर म्हणजे काय, भाऊ?"

"रेग्युलर," तो म्हणाला.

मी तोंडावर हात ठेवला. पलीकडे तो हॅलो, हॅलो करत होता.

मी त्याला म्हटलं, हे आत्ता जे मला सांगितलं, तेवढंच, याच शब्दांत, आत जाऊन डॉक्टर प्रियदर्शनींना सांगा. हे औषध तिला कधी दिलंच नाही, कागदावर सेन्सिटिव्ह लिहिलं होतं म्हणून मी सांगितलं. आत्ता. सहाची वाट पाहू नका. तो म्हणाला, गार्ड सोडत नाही, भेटायची वेळ पाचची आहे, सकाळी उगाच दारात उभा राहिलो तर ओरडला. मग आवाज एकदम खाली आला.

"ताई, माह्या हातून काही झालं काय?"

झालं होतं. आणि नव्हतंही. एका बापाने दोन अवघड इंग्रजी नावं पाठ केली होती, लेकीला कोणी चुकीचं औषध देऊ नये म्हणून.

सासूबाई केव्हा उठून मागे उभ्या राहिल्या मला कळलं नाही. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"हे पाय बाबू," त्या म्हणाल्या, "मी या बाईची सासू बोलून राहिली. तुह्याकून काही नाही झालं, शब्दच मेला तसा आहे, मी पण तोच म्हणतो. पण आता उठ. गार्ड काय खाऊन टाकते तुले? पोरीचं औषध अडलं आहे म्हण, अन दारातच जोरानं बोल. डॉक्टर बाई आपोआप बाहेर येते भांडाले. आली की सांगून दे."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "नोकरी जाईन काय वं?"

"जाऊ शकते."

"बरं," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला गेल्या.

मग मी फाईलचं पान पुन्हा पुन्हा ताजं करत बसले. तीनला मधू उठली. तिला मांडीवर घेतलं, ती प्यायली, एका हाताने माझी टिकली काढायचा खेळ करत राहिली. पान तेच. सव्वातीन. तेच. साडेतीनला त्या बाळाचा ताप नोंदला, एकशे चार पॉइंट दोन. ताप नोंदला म्हणजे बाळ अजून आहे, असं मी मनात म्हटलं, आणि असं म्हटल्याची लाज वाटली.

मला वाटत होतं, तो दारातूनच परतला असेल. किंवा आत गेला आणि गडबडला, आणि डॉक्टरांनी विचारलं असेल, मग आधी ॲलर्जी आहे असं का सांगितलंत, आणि तो भिऊन हो, आहे म्हणाला असेल. एका शब्दावर एवढं वजन होतं आणि तो शब्द आता एका दमलेल्या माणसाच्या हातात होता.

चार वाजून आठ मिनिटांनी ॲलर्जीच्या रकान्यावर एक आडवी रेघ आली. खाली डॉक्टर प्रियदर्शनींची नोंद. वडिलांशी बोलले. औषध पूर्वी कधीही दिलेले नाही. कल्चर रिपोर्टमधील शब्दाचा गैरसमज. पट्टी काढली. चार चाळीसला मेरोपेनेमचा पहिला डोस. शेजारी लिहिलं होतं, पूर्ण डोस होईपर्यंत स्वतः जवळ थांबणार.

म्हणजे त्यांनाही भीती होती. पुढची नोंद पाच वाजून वीस मिनिटांची होती. ती चाळीस मिनिटं मी मधूला इतकी घट्ट धरली होती की ती रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, दे इकडे, दाबशीन पोरीले.

पुरळ नाही. श्वास ठीक.

रविवारी मला काही दिसलं नाही, रविवारी आमचा लॅपटॉप उघडत नाही. सोमवारी उघडला तेव्हा वैभवीची फाईल माझ्या यादीत नव्हती. दुपारी संजीव सरांचा फोन आला. वडिलांनी हॉस्पिटलात सांगितलं होतं की रेकॉर्डच्या ताईंनी फोन केला. आभार मानायला म्हणूनच सांगितलं बिचाऱ्याने. "वॉर्निंग लेटर येईन, मॅडम," सर म्हणाले, "फाईलीत लागून राहीन. पण घरी नाही पाठवत. डॉक्टर बाईनं तुमच्या प्रश्नाले लेखी उत्तर देल्लं, म्हणून वाचल्या." मी विचारलं, मुलगी कशी आहे? ते म्हणाले, ते मले सांगता येत नाही अन तुम्हाला विचारता येत नाही.

नऊ दिवस मी ते कोणालाच विचारलं नाही. नंबर माझ्या फोनमध्ये होता, शेवटून चौथा, मग आठवा, मग खाली खाली जात राहिला. लावला नाही. नोकरीची भीती नव्हती ती. रिंग वाजली आणि पहिल्या रिंगला उचलला नाही तर, याची होती.

दहाव्या दिवशी, दीड वाजता, फाईल माझ्या 'बंद झालेल्या' यादीत आली. कम्प्युटरने वाटून दिली, की सरांनी दिली, ठाऊक नाही. या यादीत फाईल दोनच कारणांनी येते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. नाव, वय, गाव. मी मधूच्या कपाळाला हात लावला. मग सासूबाईंना हाक मारली आणि म्हटलं, इथे बसा जरा.

पहिलं पान वाचवेना म्हणून मी सरळ शेवटच्या पानावर गेले. तिथे बारीक अक्षरात एक वजन होतं. आठ किलो आठशे. खाली तारीख, आजची, सकाळची. जाताना वजन फक्त घरी जाणाऱ्यांचं करतात.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

"चारशे ग्रॅम उतरली," मी म्हटलं. "घरी गेली."

मग मी काम केलं. आधी आजार. मग जंतू. मग जंतूचा माज. या वेळी डॉक्टरांनी ते वाक्य स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, अनेक औषधांना दाद न देणारा. झेड सोळा टाकताना बोटं अडखळली. हा कोड आता तिच्या नावाला चिकटला, आणि त्या जंतूला आणखी दोन नावं आर करायला किती दिवस लागतील, ते कुठल्याच पानावर लिहिलेलं नसतं. ॲलर्जीच्या रकान्यात होतं, माहीत असलेली कोणतीही नाही.

मधू उठली. सासूबाईंनी तिला उचललं, आणि फ्रीजकडे जाताना नेहमीसारखं म्हणाल्या, "तुह्यासाठी आंबा आणला वं. टरबूज तं सेन्सि..." आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं.

"मंग काय म्हणू?"

"चालत नाही म्हणा."

"टरबूज चालत नाही आमच्या पोरीले," त्यांनी म्हणून पाहिलं, आणि आंब्याची फोड तिच्या ओठाला लावली. मी उठून जवळ गेले आणि तिच्या तोंडाभोवती लाल होतंय का ते पाहत उभी राहिले.